बायकांना वस्तू बनवणाऱ्या ॲडविरुद्ध तक्रार कशी करायची

अशी ॲड दिसली की आपण चिडतो, ग्रुपवर टाकतो, चार जण रागाचे इमोजी देतात आणि विषय तिथेच संपतो. पण तक्रारीने खरंच फरक पडतो. २०२२ च्या जूनमधली लेयर शॉट डिओची ॲड आठवा, दुकानात एकटी मुलगी, मागे चार पोरं, बोलतायत डिओच्या बाटलीबद्दल पण असं की ती दचकून वळते. गँगरेपची भीती वापरून डिओ विकत होते! लोक ट्विटरवर तुटून पडले, जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या ॲस्कीने म्हणजे ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलने ती थांबवायला लावली, ४ जूनला माहिती प्रसारण मंत्रालयाने ट्विटर आणि यूट्यूबला ती काढायला सांगितली आणि मग कंपनीने माफी मागितली.

तर आधी पुरावा घ्या. स्क्रीनशॉट, लिंक, टीव्हीवर असेल तर चॅनल आणि वेळ, लगेच, कारण बोंब झाली की ॲड गायब होते. मग ॲस्कीच्या वेबसाइटवर तक्रार टाका, पैसे लागत नाहीत.

खरी मेहनत शब्दांवर घ्या. "अश्लील आहे, संस्कृती बुडाली" असलं लिहिलंत तर काही हाती लागणार नाही, कपडे किती हा मुद्दाच नाहीये. जे दिसतं तेच लिहा: "ॲड टायरची आहे, कॅमेरा मॉडेलच्या कमरेवर थांबतो, तिचा चेहरा दिसत नाही, आणि टायरशी याचा काही संबंध नाही." ॲस्कीच्या २०२२ च्या गाइडलाइन्समध्ये हेच आहे, की प्रॉडक्टशी संबंध नसताना कुणालाही, बाई असो वा पुरुष, लैंगिक वस्तूसारखं दाखवायचं नाही. त्याचा उल्लेख नक्की करा.

ॲस्की सरकारी नाही, ही जाहिरातवाल्यांचीच संस्था. तरी टीव्हीसाठी तिच्या कोडला म्हणजे जाहिरातींच्या नियमावलीला वजन आहे, कारण केबल टीव्हीच्या नियमांप्रमाणे तो कोड मोडणारी ॲड दाखवता येत नाही. म्हणून चॅनललाही तक्रार पाठवा. रस्त्यावरचं होर्डिंग असेल तर फोटो काढून महापालिकेच्या परवाना विभागाकडे द्या. फारच गंभीर असेल तर स्त्रियांच्या असभ्य चित्रणाविरुद्धचा १९८६ चा कायदा आहे, त्याखाली पोलिसांकडे जाता येतं, पण तो रस्ता लांबचा आहे आणि "असभ्य" म्हणजे काय यावर वाद होतो, मी तरी ॲस्कीपासून सुरुवात करा म्हणेन.

आणि प्लीज, त्या मॉडेलच्या इन्स्टावर जाऊन तिला शिव्या घालू नका. स्क्रिप्ट तिने लिहिलेली नसते, पास कंपनी करते. टॅग ब्रँडला करा, त्यांच्या मार्केटिंगवाल्यांना लिहा, मैत्रिणींना आणि मित्रांनाही स्वतःच्या शब्दांत लिहायला सांगा, कॉपी-पेस्ट नको. ॲस्कीचा निर्णय आला की ब्रँडच्या नावासकट पोस्ट करा म्हणजे बाकीच्यांनाही कळेल की रस्ता आहे.