व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरचा घुमणारा बास आवरला

नवे स्पीकर जोडले आणि माझ्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरवर (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांवर चालणारा) बास, म्हणजे खालचे जाड सूर, नुसता घुमायला लागला. बेस गिटारचे सूर वेगळे कळेनात. तेच स्पीकर ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरवर मात्र स्वच्छ वाजायचे.

स्पीकरमागचा ‘८ ओहम’ हा आकडा नाममात्र असतो. मोजलं तर इम्पीडन्स (सिग्नलच्या विजेला होणारा विरोध) बासच्या रेझोनन्सला, म्हणजे स्पीकर ज्या सुराला आपसूक जोरात हलतो तिथे, ३० ओहम, पुढच्या सुरांना ४ ओहमपर्यंत खाली. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स (आतला विरोध) सुमारे २ ओहम; ट्रान्झिस्टरवाल्याचा अगदी कमी असतो. म्हणजे ४ ओहमला एक तृतीयांश व्होल्टेज आतच खर्ची पडतं, ३० ओहमला जेमतेम ६ टक्के. म्हणून रेझोनन्सचा बास ३ डेसिबलने जोरात, कानाला सहज कळणारा फरक!

अ‍ॅम्प्लिफायर बंद करून (हे आधी कराच) स्पीकरच्या वायरी ८ ओहमच्या टॅपवरून (अ‍ॅम्प्लिफायरवरची स्पीकर जोडायची जागा) ४ ओहमच्या टॅपला लावल्या. तिथे आउटपुट इम्पीडन्स निम्मा होतो. बास आवरला. कमाल आवाज थोडा घटला, पण मला चालतं.