अवतरणातलं टिंब आणि फसलेलं लॉगिन

अवतरणचिन्हांमधलं सगळं वाचणारा जसंच्या तसं टाइप करतो. मॅन्युअलमध्ये पासवर्ड "मोगरा25." असा छापला, की टिंबही टाइप होतं आणि लॉगिन फसतं. अमेरिकन पद्धतीत पूर्णविराम, स्वल्पविराम आत घेतात. ब्रिटिश पद्धतीत मूळ मजकुराचे असतील तरच. तांत्रिक लेखनाला दुसरीच बरी. डीएनएसच्या (इंटरनेटवरच्या नावांवरून पत्ते शोधणाऱ्या यंत्रणेच्या) झोन फाइलमध्ये, म्हणजे एखाद्या डोमेनच्या नोंदींच्या फाइलमध्ये, तर शेवटचं टिंब म्हणजे नाव पूर्ण; ते नसेल तर पुढे झोनचं डोमेन जोडलं जातं. तिथे टिंब ही निव्वळ शुद्धलेखनाची बाब राहत नाही.

वर्डमध्ये दुरुस्ती करताना आधी ऑटोकरेक्ट ऑप्शन्समधल्या ‘ऑटोफॉरमॅट ॲज यू टाइप’ टॅबवर सरळ चिन्हांची वळणदार चिन्हं करणारी खूण काढून टाका. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करून देण्याच्या खिडकीत, बॅशसारखे आज्ञा वाचणारे प्रोग्राम वळणदार चिन्हांना अवतरण मानतच नाहीत! मग कंट्रोल+एच, दोन्ही रकान्यांत सरळ दुहेरी चिन्ह, आणि सगळी बदला, म्हणजे आधीची वळणदार चिन्हंही सरळ होतील.

त्यानंतर टिंब किंवा स्वल्पविरामाला चिकटून आलेलं बंद अवतरणचिन्ह शोधा आणि एकेक जागा डोळ्यांनी तपासा. इथे ‘सगळी बदला’ नको. उद्धृत केलेलं पूर्ण वाक्य असेल तर टिंब आतच हवं. लांब आज्ञा मात्र स्वतंत्र ओळीवर, मोनोस्पेस (सगळी अक्षरं सारख्याच रुंदीची असलेल्या) फॉन्टमध्ये, अवतरणाशिवाय द्या.