पूर्णाकाठ ते सातपुड्याचा पायथा सायकलने: या चुका टाळा

शेगाव, अकोट, अंजनगाव सुर्जी, परतवाडा आणि वर चिखलदरा. हा पट्टा आता सायकलवाल्यांना चांगलाच माहीत झाला आहे आणि त्याचा आनंदच आहे. खाली पूर्णेचं सपाट काळं खोरं, उत्तरेला सातपुड्याची भिंत, मध्ये कपाशी, तूर, संत्र्याच्या बागा, पानमळे. पण दर हंगामात त्याच त्या चुका होतात. बहुतेकांच्या मुळाशी एकच समजूत असते: जमीन सपाट आहे, म्हणजे सोपी आहे. इथे वाट नकाशा ठरवत नाही, काळी माती आणि पाणी ठरवतात. हे न समजता आलेल्या माणसाची महागडी सायकलही पहिल्याच पावसात खांद्यावर येते.

पांदणीतून ‘शॉर्टकट’ मारणं

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच. मोबाइलच्या नकाशावर पांदण आणि डांबरी रस्ता जवळपास सारखेच दिसतात. पांदण म्हणजे बैलगाडी-ट्रॅक्टरची शेतवाट, तिला ना खडी ना मुरूम. कोरड्या दिवसात ती चालते, पण रात्री एक सर पडून गेली की त्या वाटेला सायकलच्या दृष्टीने अर्थ उरत नाही.

ऑक्टोबरातला एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. शहरातून आलेले दोघं दर्यापूरकडून अंजनगावला निघाले होते. सहा-सात किलोमीटर वाचतात म्हणून पांदणीत शिरले. आदल्या रात्री पाऊस झालेला. तोंडाशीच एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने बजावलं, “तिकून नोका जाऊ भाऊ, गारा हाय.” गारा म्हणजे चिखल. वरून ऊन पडलं होतं, माती सुकल्यासारखी दिसत होती, म्हणून त्यांनी ऐकलं नाही. किलोमीटरभर आत गेल्यावर दोन्ही सायकली अडकल्या. एकाने उतरून काड्या शोधल्या. दुसऱ्याने सगळ्यात हलका गिअर टाकला आणि पायडलवर उभा राहिला. मागचा डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) चिखल आणि तणाच्या गोळ्यासकट स्पोकमध्ये ओढला गेला, त्याला फ्रेमशी जोडणारा हँगर तुटला, स्पोकही गेले. तो हँगर अंजनगावात मिळत नाही, परतवाड्यातही नाही. चेन तोडून, आखूड करून, एकाच गिअरवर तो कसाबसा परतवाड्याला पोचला आणि घाट एसटीने चढला.

असं का होतं ते नीट समजून घ्या. काळी माती ओली झाली की फुगते आणि चिकटते. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला टायरवर एक थर चढतो, त्यात धसकटं आणि गवत मिसळतं. टायर आणि मडगार्ड यांच्यात जेमतेम बोटभर फट असते, ती शंभर पावलांत भरते. मग चाक फिरतच नाही. अशा वेळी जोर लावला की सगळ्यात कमकुवत भाग तुटतो आणि तो भाग म्हणजे हँगर. म्हणून चाक जड लागलं त्या क्षणी पायडल थांबवा.

अडकलातच तर आधी बॅगा काढा. मडगार्ड असेल तर तेही काढून टाका. बांधावर वाळलेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, पडलेली असते, तिची बोटभर जाडीची काडी घेऊन फॉर्क, ब्रेक आणि डिरेलरची चाकं कोरून काढा. हे काम माती अर्धवट सुकलेली असताना करायचं, पुरती वाळली की ती दगडासारखी धरते. तांब्याभर पाणी ओतून काही होत नाही, उलट लगदा आतल्या बाजूला जातो. धुवायचंच तर कालव्यावर किंवा बोअरच्या धारेखाली भरपूर पाण्याने धुवा आणि चेन कोरडी करून तेल द्या. नंतर वाटेने न जाता धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, गवतातून चाला. सामान एका फेरीत, सायकल दुसऱ्या फेरीत.

पांदणीत शिरण्यापूर्वीची माझी परीक्षा सोपी आहे: उतरून टाच दाबायची. माती चपलेला चिकटून वर आली तर परत फिरायचं, मग कितीही किलोमीटर वाढोत. दुसरं म्हणजे शेतात दिसेल त्याला विचारायचं, “दादा, वाफसा आला का?” म्हणजे माती पुरेशी सुकली का. नाही म्हणाला तर विषय संपला. स्वतःच्या सायकलच्या मॉडेलचा जादा हँगर, चेन टूल आणि चेनचा क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी) या तीन वस्तू खिशात मावतात. बॅगेत तीन-तीन जर्सी असतात आणि हँगर नसतो, हे पाहून खरंच वाईट वाटतं.

हापशी दिसली की बाटली भरणं

पूर्णेच्या दोन्ही बाजूंचा मोठा भाग खारपाणपट्टा आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत तो पसरला आहे. दर्यापूर, मूर्तिजापूर, तेल्हारा, संग्रामपूर या बाजूंना विहिरीचं आणि बोअरचं पाणी अनेक ठिकाणी मचूळ किंवा सरळ खारट लागतं. म्हणून तर शहानूर आणि वान धरणांवरून नळयोजना करून गावांना पाणी द्यावं लागलं.

नवखा माणूस दुपारी घामाघूम होऊन हापशीवर थांबतो, दोन बाटल्या भरतो, चव जराशी वेगळी लागते पण चालवून घेतो. ते पाणी पिऊन तहान भागत नाही, म्हणून तो आणखी पितो. मग पोटात गुडगुड आणि पुढे जुलाब. उन्हात जुलाब लागले की शरीरातलं पाणी आणखी घटतं आणि सहल तिथेच संपते. त्याहून मोठी चूक म्हणजे त्याच पाण्यात ओआरएस मिसळणं. ती पुडी एक लिटर गोड्या पाण्यासाठी मोजलेली असते. खाऱ्या पाण्यात टाकली की मिठाचं प्रमाण हवं त्यापेक्षा वर जातं.

इलाज एवढाच: गावात शिरल्यावर चहाच्या टपरीवर विचारा, “पिण्याचं पाणी नळाचं का बोअरचं?” लोक मोकळेपणाने सांगतात, घरातला माठही पुढे करतात. बहुतेक मोठ्या गावांत आरोचं पाणी विकत मिळतं. दोन बाटल्या पुरत नाहीत, हिवाळ्यातसुद्धा सपाटीवर तीन लिटर जवळ ठेवा. घोटभर चाखल्याशिवाय बाटली भरू नका. जसजसे सातपुड्याच्या पायथ्याकडे सरकाल तसतसं पाणी गोडं होत जातं, म्हणून मुक्काम खोऱ्याच्या मध्यात न करता अकोट, अंजनगाव किंवा परतवाड्याला केलेला बरा.

रपट्यावरून पाणी वाहताना सायकल घालणं

रपटा म्हणजे नदीवरचा ठेंगणा पूल. त्यावरून पाणी वाहत असेल तर सायकल घालू नका. शहानूर, सापन, बिच्छन या नद्या डोंगरातून येतात. गावावर ऊन असतं आणि वर पाऊस झालेला असतो. गढूळ पाणी रपट्यावर घोटाभर दिसलं तरी खालचा काठ वाहून गेलाय की नाही ते कळत नाही. पाणी उतरेपर्यंत काठावर थांबा.

चढासाठी गिअर न बघता निघणं

परतवाडा समुद्रसपाटीपासून साधारण ३७० मीटरवर आहे, चिखलदरा १,११८ मीटरवर. म्हणजे एका सकाळी साडेसातशे मीटरच्या आसपास चढ, तोही सामानासकट. दुकानदार ‘२१ गिअर’ सांगतो, पण आकड्याला काही अर्थ नाही. बघायचं ते सगळ्यात लहान पुढचं दातेचाक आणि सगळ्यात मोठं मागचं. पुढे ३८ आणि मागे २८ दाते असतील तर मिनिटाला ६० फेऱ्यांनी ताशी १० किलोमीटरच्या वर वेग येतो. भरल्या सायकलने घाटात तो वेग टिकत नाही, मग फेऱ्या मंदावतात आणि सगळा भार गुडघ्यावर येतो. पुढे २८ आणि मागे ३२ किंवा ३४ हवेत. तेवढ्याने ताशी सहा-साडेसहावर बसून चढता येतं. मागचं फ्रीव्हील किंवा कॅसेट (मागच्या दातेचाकांचा संच) शहरात असतानाच बदलून घ्या. नवीन कॅसेटच्या मापाला डिरेलर आणि चेनची लांबी पुरते का, तेही तिथेच तपासा.

घाटाच्या सकाळी पोटभर तर्रीपोहे खाऊन निघणाऱ्यांना पहिल्याच वळणावर जळजळ होते. केळी, भाकर, गूळ-शेंगदाणे पुरतात. तर्री वर पोचल्यावर.

उतारावर ब्रेक सतत दाबून धरण्याची सवय फार वाईट. रिम ब्रेक असेल तर रिम तापते आणि ट्यूबवरचा जुना पॅच सुटतो. वळणाआधी दोन्ही ब्रेक एकाच वेळी घट्ट दाबायचे, वेग आणायचा खाली, मग सोडायचे. रबरावरच्या खाचा झिजून गेल्या असतील तर चढण्याआधीच रबर बदला.

पंक्चर काढून काटा तसाच ठेवणं

बाभळीचा काटा आणि सराटे, दोन्ही इथे भरपूर. लोक घाईने ट्यूब बदलतात आणि पाच मिनिटांत पुन्हा बसतात, कारण काट्याचं टोक टायरमध्येच असतं. कापसाचा बोळा टायरच्या आतून सगळीकडे फिरवा, जिथे तंतू अडकेल तिथे टोक आहे. बाहेरून खेचून निघत नसेल तर आतून पक्कडीने काढा.

गावच्या दुकानात २८ × १ १/२ चा टायर मिळतो, पण तो ६३५ मिलिमीटरच्या रिमचा. आपली ७०० सी रिम ६२२ ची असते, तो टायर तिला बसत नाही. जादा ट्यूब दोन, टायरच्या आतून लावायला जुन्या टायरचा बोटभर तुकडा आणि बारीक वॉल्व्ह असेल तर त्याचा अडॅप्टर सोबत असू द्या, नाहीतर दुकानातला कॉम्प्रेसर समोर असून उपयोग नाही. सामानासह ३५ मिलिमीटरच्या टायरला मागे ५५ ते ६० पीएसआय हवेचा दाब, पुढे ५० पुरतात. उन्हाने टायर फुटतो असं सांगतात. उन्हाने दाब पाचेक पीएसआयनेच वाढतो. फुटतो तो चिमटलेल्या ट्यूबमुळे किंवा रिमच्या आतली पट्टी, म्हणजे रिमटेप, सरकल्यामुळे.

आणखी काही

एप्रिल-मे मध्ये येऊ नका. पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि दुपारचा पश्चिमेचा गरम वारा शेगावकडे जाणाऱ्याला समोरून बसतो. ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हाच काळ.

डांबराच्या कडेवरून चालवू नका. काळी माती फुगते-आक्रसते, कडा तुटतात आणि साइडपट्टी अर्धा फूट खाली गेलेली असते. खाली उतरलात तर तिरकं वर चढायला जाऊ नका, थांबून सायकल उचला. कापूस निघण्याच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतला माल दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो, तिला पुढे जाऊ द्या.

उजाडण्याआधी निघू नका. रोही (नीलगाय) आणि रानडुकरं रस्ता ओलांडतात आणि सायकलचा आवाज त्यांना येत नाही.

मेळघाट १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. सेमाडोह, हरिसालच्या बाजूला अस्वल आणि रानगवे आहेत, मोबाइलला रेंज अनेक ठिकाणी नाही. वनविभागाच्या नाक्यावर विचारल्याशिवाय जंगलातल्या रस्त्याला लागू नका आणि चार वाजल्यानंतर तर लागूच नका. नरनाळा किल्ल्याला जाताना शहानूर गावच्या गेटवर आधी चौकशी करा, सायकल आत सोडतील असं गृहीत धरू नका. नाही म्हणाले तर वाद घालू नका, सायकल गावात ठेवायला जागा मिळते.