'तो बोलतच नाही' म्हणण्याआधी : शाळेत आणि थेरपीत होणाऱ्या या चुका टाळा

"चाळीस फूट. आयर्विनला चाळीस फूट."

दुसरीतला एक ऑटिस्टिक (स्वमग्न) मुलगा हे वाक्य दिवसातून दहा वेळा म्हणायचा. गणिताच्या तासाला, खिचडीच्या रांगेत, कधी भिंतीकडे तोंड करून. वर्गाच्या बाई म्हणायच्या, "पाठांतर चांगलंय, पण अर्थ काही नाही." त्याच्या फाइलीत एक उद्दिष्ट होतं, 'निरर्थक बोलणं कमी करणे'. ते मीच लिहिलं होतं. सांगलीत इतकी वर्षं स्पीच थेरपी करते मी, तरी लिहिलं होतं.

उलगडा केला त्याच्या आईनं, तोही जाता जाता. "अहो मॅडम, २०२१ च्या पुरात आम्ही रात्रभर तेच तर बोलत होतो. आयर्विनला किती, आयर्विनला किती." सांगलीकरांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी : आयर्विन पुलापाशी कृष्णा चाळीस फुटांवर गेली की इशारा पातळी आणि पंचेचाळीसला धोका पातळी. चाळीस ऐकलं की नदीकाठची घरं सामान माळ्यावर चढवायला लागतात. तेव्हा हा साडेचार वर्षांचा होता. घरातली सगळी माणसं घाबरली की हे वाक्य म्हणतात, एवढं त्याला पक्कं कळलं. मग वर्गात गोंगाट वाढला, जीव घाबरा झाला की तो तेच म्हणायचा. मी मात्र त्याची घाबरल्याची एकुलती एक हाक पुसायला निघाले होते.

ऐकलेली वाक्यं जशीच्या तशी म्हणण्याला इकोलालिया म्हणतात. अमेरिकन स्पीच थेरपिस्ट बॅरी प्रिझंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच दाखवून दिलं की त्यामागे बहुतेक वेळा काही ना काही हेतू असतो : मागणं, नाकारणं, स्वतःला सावरणं, संवादात आपली पाळी घेणं. तेव्हा मूल एकच वाक्य परत परत म्हणत असेल तर 'गप्प बस' म्हणण्याआधी वहीत तीन गोष्टी लिहा. कधी म्हणालं, त्याच्या आधी काय झालं, आणि हे वाक्य त्यानं पहिल्यांदा कुठे ऐकलं असेल. तिसऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा घरच्यांकडे असतं.

'पाणी म्हण, मग देते'

ही चूक प्रेमापोटी होते, म्हणून सुटायला अवघड. मूल माठाकडे बोट दाखवतंय, ओढून नेतंय, आणि आपण पेला हातात धरून म्हणतोय, "काय पाहिजे? पा... पा... म्हण की." अहो, त्यानं सांगून झालंय! बोलता आलं नाही, पण सांगता आलं. तहान लागलेल्या माणसाची तोंडी परीक्षा आपण मोठ्यांच्या बाबतीत घेत नाही. पाणी द्या, आणि देताना तुम्हीच म्हणा, "पाणी. गार पाणी." शब्द कानावर पडणं महत्त्वाचं, वसूल करणं नव्हे.

असंच प्रश्नांचं. "हे काय? रंग कोणता? किती आहेत?" अर्ध्या तासात चाळीस प्रश्न विचारणारे थेरपिस्ट मी पाहिलेत, आरशातही. त्याऐवजी शेजारी बसून जे चाललंय ते बोला. "गाडी घसरली. अरे, परत घसरली." आणि बोलून झालं की थांबा, मनात दहापर्यंत अंक मोजा. दहा फार लांब वाटतात. आपण साधारण तिसऱ्या अंकाला प्रश्न पुन्हा विचारतो, आणि जुळवत आणलेलं उत्तर मोडतो.

कार्डं कपाटात, चावी बाईंकडे

बोट ठेवून किंवा हातात देऊन 'बोलायची' चित्रांची कार्डं, चित्रतक्ता किंवा मोबाइलमधलं ॲप म्हटलं की पालकांचा पहिला प्रश्न असतो : "मग तो बोलायचा राहील ना?" नाही राहणार. या विषयावरच्या अभ्यासांचा २००६ साली एक आढावा निघाला. भक्कम पुरावा असलेल्या २७ जणांपैकी बहुतेकांचं बोलणं वाढलं होतं, काहींचं होतं तसंच राहिलं, कमी एकाचंही झालं नव्हतं. मुंबईच्या आयआयटीत तयार झालेलं जेलो हे ॲप फुकट आहे आणि मराठीत चालतं. तेही नको असेल तर पुठ्ठा, चित्रं आणि चिकटपट्टी पुरते.

फसतं ते पुढे. तक्ता फक्त थेरपीच्या पाऊण तासात बाहेर येतो. किंवा त्यावर केळं, बिस्कीट, भडंग, सगळं खाण्याचंच. 'नको', 'थांब', 'दुखतंय', 'झालं माझं', 'मला जायचंय' यातलं काहीच नाही. माणूस दिवसभर नुसतं खायलाच मागतो का? आणि मोठ्यांपैकी कुणी स्वतः तक्त्यावर बोट ठेवून बोलत नाही. आपण न बोललेली भाषा मूल कुठून शिकणार? 'चला, खिचडी झाली' म्हणताना तुम्हीही चित्रावर बोट ठेवा, दिवसातून वीस वेळा. मुलाचा हात धरून त्याचं बोट मात्र अक्षरांवर फिरवू नका. मग ते उत्तर त्याचं की तुमचं, हे कुणालाच सांगता येत नाही.

आणि 'नको' चाललं पाहिजे. मुलानं 'नको'चं कार्ड दिलं आणि आपण "हो हो, एवढं एक पान करू, मग" म्हणालो, असं चार वेळा झालं की ते कार्ड मेलं. पाचव्या वेळी मूल चावतं. मग वहीत आपण लिहितो, 'विनाकारण चावला'.

पाणी चढलं कुठे, ते बघा

कराडला कोयना कृष्णेला मिळते. कोयना धरणातून सोडलेलं पाणी सांगलीला बऱ्याच उशिरानं दिसतं. मुलाच्या उद्रेकाचंही तसंच असतं. तिसऱ्या तासाला त्यानं वही फाडली, म्हणून आपण तिसऱ्या तासात कारण शोधतो : कुणी पेन्सिल घेतली का, गणित अवघड होतं का. खरं कारण सकाळचं. परिपाठाला माइक किंचाळला. नेहमीच्या जागी दुसराच मुलगा बसला. नव्या गणवेशाच्या कॉलरचं लेबल मानेला टोचतंय. पेन्सिल हे फक्त शेवटचं इंचभर पाणी.

म्हणून शिक्षा, तंबी, खेळाचा तास काढून घेणं यांचा उपयोग होत नाही. खेळाचा तास तर काढूच नका, पाणी उतरायची तीच एक वाट असते. लेबल कापा, माइकपासून लांब उभं करा, जागा ठरवून द्या. हात फडफडवणं, डुलणं हे कुणाला इजा होत नसेल तर चालू द्या. 'माझ्या डोळ्यात बघ' हा आग्रहही सोडा. अनेक मुलांना बघणं आणि ऐकणं ही दोन कामं एकदम जमत नाहीत, ती खिडकीकडे बघूनच नीट ऐकतात.

वागणं एकाएकी बदललं तर आधी कान, दात आणि पोट तपासून घ्या. दाढ दुखतेय हे न सांगता आल्यामुळे 'आक्रमक' ठरलेली मुलं मला माहीत आहेत. आणि हाक मारली तरी बघत नाही, अशा प्रत्येक मुलाची श्रवणचाचणी झालेली असलीच पाहिजे. थेरपी सुरू होऊन वर्ष झालं तरी ती राहिलेली असते, हसू नका.

'शाळेत तर शहाण्यासारखा असतो'

हे वाक्य आईला दोषी ठरवायला वापरलं जातं. दिवसभर जीव मुठीत धरून बसलेलं मूल घरी येऊन फुटतं, कारण घरी फुटता येतं. आई सांगते ते खरं माना. आणि तिच्याशी हे सगळं मुलाच्या डोक्यावरून बोलू नका. बोलत नाही म्हणजे ऐकत नाही असं नसतं.

कोणती भाषा?

आपल्याकडे हा घोळ फार. मिरजेत घरात उर्दू, जत भागात कन्नड, शाळेत मराठी. कुणीतरी सल्ला देतं, 'एकच भाषा बोला, नाहीतर गोंधळेल.' ऑटिस्टिक मुलांना दोन भाषांमुळे तोटा होतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही. तोटा होतो तो आजीनं नातवाशी बोलणं बंद केल्यानं. आमचा आणखी एक खास गुन्हा म्हणजे पुस्तकी मराठी. 'मला पाणी हवे आहे' असं घोटून घेतलेला मुलगा गल्लीत तसं बोलला की पोरं हसतात. घरात 'पाणी पायजे' म्हणतात ना, मग तेच शिकवा.

कागदांचं थोडक्यात. शिक्का बसेल या भीतीनं पालक दिव्यांग प्रमाणपत्र टाळतात, आणि हक्काच्या सोयी राहतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आणि अध्ययन अक्षमता आहेत. एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) स्वतंत्रपणे नाही. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज ऑनलाइन करता येतो. ऑटिझम असेल तर केंद्र सरकारच्या निरामय आरोग्य विमा योजनेत वर्षाला एक लाखापर्यंत खर्च मिळतो, त्यात थेरपीही येते. पावत्या जपून ठेवा.

शेवटची चूक जूनमधली. बाईंची बदली होते, आणि वर्षभरात मुलाबद्दल कळलेलं सगळं त्यांच्याबरोबर जातं. नव्या सरांना फाइल मिळते, ती जाड असते, कुणी वाचत नाही. त्यापेक्षा एक पान लिहा आणि हजेरीपटाला टाचा. आमच्या त्या मुलाचं पान त्याच्या बाईंनी लिहिलं, मी फक्त शुद्धलेखन बघितलं :

"खिडकीजवळ दुसरा बाक, जागा बदलू नये. घंटेच्या आधी त्याला सांगावं. खिचडीत मटार असले तर तो खात नाही, आग्रह नको. भिंतीवर फुटांची पट्टी लावली आहे, तीस ते पंचेचाळीस. 'किती फूट?' विचारलं की बोट ठेवतो. अडतीसला व्हरांड्यात फेरी मारू द्यावी, आपणहून परत येतो. 'चाळीस फूट' म्हणाला तर काही विचारू नये, दार उघडावं."