रेन्वारच्या समूहचित्रावरून तैलरंग शिकताना या चुका टाळा

फ्रेंच चित्रकार पिएर-ऑग्युस्त रेन्वारने १८८०-८१ मध्ये रंगवलेल्या, पॅरिसजवळच्या शातू येथील मेझाँ फुर्नेझ या उपाहारगृहाच्या सज्जावरील भोजनाच्या चित्रात चौदा माणसे आहेत. ती पाहताच नवशिक्याचा हात आधी चेहऱ्यांकडे वळतो आणि प्रतिकृती फसण्याचे मूळ बहुतेक वेळा तिथेच असते. या चित्रात माणसांपेक्षा छताच्या कापडातून आणि नदीकडून आत येणारा उजेड महत्त्वाचा आहे. तो आधी जमला नाही, तर एकेका चेहऱ्यावर घेतलेली मेहनत वाया जाते.

पहिली अडचण मापाची येते. वॉशिंग्टनच्या फिलिप्स कलेक्शनमधील मूळ चित्र सुमारे १३० × १७५ सेंमी आहे. १८ × २४ इंचांचा कॅनव्हास त्याच्या प्रमाणात जवळजवळ नेमका बसतो, पण १६ × २० इंचांचा घेतला तर रुंदी कापावी लागते आणि कडेची माणसे अर्धवट राहतात. शिवाय १८ × २४ वरही मागच्या रांगेतले चेहरे अंगठ्याच्या पेराएवढेच उरतात, तेव्हा त्यांत डोळ्यांच्या पापण्या शोधण्यात अर्थ नाही. टर्पेंटाइनने (रंग पातळ करण्याच्या द्रावाने) पातळ केलेला बर्न्ट अंबर (गडद तपकिरी रंग) आणि रुंद चपटा ब्रश घेऊन आधी फक्त मोठे भाग मांडावेत: मागची हिरवळ, वरचे पट्ट्यापट्ट्यांचे छत, गडद कपड्यांचा घोळका आणि पांढरे टेबल. कठड्याची तिरकी रेषा याच वेळी पक्की करावी. डावीकडे कठड्याला टेकून उभा असलेला पुरुष आणि उजवीकडे खुर्चीवर उलटा बसलेला चित्रकार गुस्ताव काय्यबोत, या दोघांचे पांढरे बिनबाह्यांचे बनियन आणि गवती टोप्या सगळ्या गर्दीला दोन बाजूंनी धरून ठेवतात. त्यांची जागा थोडी जरी चुकली तरी मधली माणसे कुठेच नीट बसत नाहीत. आठ-दहा फूट मागे जाऊन डोळे किलकिले करून पाहावे; रचना तरीही ओळखू येत असेल, तरच पुढे जावे.

चौकटी आखून उतरवलेले रेखाटन काटेकोर ठेवून त्यात रंग भरत जाणे ही दुसरी चूक. क्ष-किरण तपासणीत रेन्वारने या चित्रात काम करता करता बरेच बदल केल्याचे दिसले आहे. वरचे छतसुद्धा त्याने मागाहून घातले. त्यामुळे टोपीची कड जिथे मागच्या झाडीत विरघळते, तिथे ती मुद्दाम रेखून काढली की चित्र कात्रणे चिकटवल्यासारखे दिसते.

टेबलावरचे कापड हा खरा धडा आहे. ते पांढरे आहे असे गृहीत धरून ट्यूबमधला टायटॅनियम व्हाइट सरळ फासला जातो आणि मग टेबल खडूने रंगवल्यासारखे कोरडे व थंड दिसू लागते. मूळ चित्राच्या छायाचित्राशेजारी कोरा कागद धरून पाहिले, तर कापडाचा मोठा भाग निळसर, जांभळट किंवा फिकट गुलाबी असल्याचे लगेच कळते. निखळ पांढऱ्याच्या जवळ जाणारे ठिपके थोडेच आहेत आणि ते काचेवर व कापडाच्या घडीवर जाड रंगात बसवलेले आहेत. म्हणून आधी मधल्या छटा लावाव्यात, पांढरा शेवटी आणि कंजूषपणे वापरावा. सावलीतही काळा टाळून अल्ट्रामरीन या गडद निळ्यात बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग मिसळून गडद रंग करावा.

रंग मळून चिखल झाला, तर त्यावर आणखी रंग घालून तो सुधारत नाही. याचे कारण बहुधा ओल्या थरावर पुन्हापुन्हा ब्रश घासणे किंवा एकच ब्रश हिरव्यातून लालात नेणे, हे असते. पॅलेट नाइफने (रंग कालवण्याच्या बोथट सुरीने) तेवढा भाग खरवडून काढावा, वाळू द्यावा आणि नवा फटकारा एकदाच ठेवून हात उचलावा.

काही भाग वाळल्यावर निस्तेज दिसतात, कारण खालच्या शोषक थराने तेल ओढून घेतलेले असते. पृष्ठभाग वाळल्यानंतर तिथे जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात देऊन कापडाने पुसून घेतला की रंग पुन्हा उघडतो. भेगा पडू नयेत म्हणून खालचे थर टर्पेंटाइनने पातळ आणि वरचे अधिक तेलाचे असावेत. हा क्रम उलटला, तर खालचा थर हळू वाळत राहतो आणि वरचा ताठर थर तडकतो. तैलरंग हवेतील प्राणवायू घेऊन वाळतो, त्यामुळे चित्र उजेडाच्या, हवेशीर खोलीत ठेवावे. कोकणातल्या पावसाळ्यात बंद कपाटात ठेवले तर ते पिवळे पडते आणि बुरशीचीही भीती असते. जवसाच्या तेलाने माखलेली फडकी गोळा करून कचऱ्यात टाकू नयेत, कारण ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात; ती पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत. व्हार्निशची, म्हणजे चित्रावरच्या शेवटच्या पारदर्शक संरक्षक थराची, घाई नको. पातळ थरांसाठी सहा महिने, तर जाड रंगलेपासाठी वर्षभर थांबावे.