पडद्यावर मुंग्या, आवाज मात्र खणखणीत

फोंड्याच्या आमच्या घरी दोन हेडचा (हेड म्हणजे फितीवरची नोंद वाचणारा भाग), मोनो आवाजाचा स्वस्तातला व्हीसीआर, म्हणजे व्हिडिओ कॅसेट लावायचं यंत्र, अजून चालतो. गेल्या पावसाळ्यात गावच्या जत्रेतल्या नाटकाची जुनी कॅसेट लावली, तर पडदाभर नुसत्या मुंग्या. आवाज मात्र खणखणीत! दुखणं तिथंच कळलं. अशा यंत्रात आवाजाचं हेड वेगळं, एका जागी स्थिर असतं. चित्राची ही दोन हेड मिनिटाला १५०० फेरे घेणाऱ्या ड्रमवर बसवलेली असतात. म्हणजे तीच घाणीने भरली होती.

गुन्हेगार कॅसेटच. तिच्या पारदर्शक खिडकीतून पाहिलं तर रिळावर पांढरी बुरशी, तीच हेडला लागली. आपल्याकडची दमट हवा, दुसरं काय!

प्लग काढून झाकण उघडलं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओला केलेला मऊ शॅमॉय चामड्याचा तुकडा ड्रमला हलकेच टेकवून धरला आणि ड्रम वरून बोटाने सावकाश फिरवला. चामडं वर-खाली घासायचं नाही. हेडचं टोक तुटलं की संपलंच. कापूसही नको, तंतू अडकतात. (बायको म्हणाली, पोरांचे कान साफ करतानाही एवढी काळजी घेतली नव्हती तुम्ही.) अर्धा तास सुकू दिलं.

दुसरी, स्वच्छ कॅसेट लावली आणि चित्र परतलं. पॉज केलं की आडवे पट्टे येतात, पण ते आधीही यायचे. दोन हेडच्या यंत्राकडून त्याहून जास्त मागू नये. जुन्या बाजारात चार हेडचं मिळालं आणि परवडलं तर तेच घ्या. नाटकाची कॅसेट मात्र पिशवीत बांधून वेगळी ठेवली आहे.