झेब्राफिशच्या शेपटीवर न्यूट्रोफिलचा प्रवास कसा मोजायचा

न्यूट्रोफिल म्हणजे जखमेकडे सर्वात आधी धावणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी. झेब्राफिश या छोट्या माशाच्या पिल्लाच्या शेपटीचा पर कापायचा आणि तिथे त्या किती येतात ते मोजायचं. प्रयोगासाठी ३ दिवसांची पिल्लं घ्या. ती जेमतेम साडेतीन मिलिमीटरची आणि पारदर्शक असतात, शिवाय टी आणि बी पेशींची (अनुभवातून शिकणाऱ्या प्रतिकारशक्तीची) फळी अजून कामाला लागलेली नसते. त्यामुळे जखमेकडे धावताना दिसतं ते निव्वळ जन्मजात प्रतिकारशक्तीचं काम. शेफील्डच्या गटाने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या एमपीएक्स-जीएफपी या जनुकबदल केलेल्या वाणात न्यूट्रोफिल हिरवे चमकतात. ते वाण नसेल तरी अडत नाही. पिल्लं ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये स्थिर करून (म्हणजे मारून जशीच्या तशी टिकवून) सुदान ब्लॅकने रंगवा, न्यूट्रोफिल काळ्या ठिपक्यांसारखे उठून दिसतात. मात्र मग तेच पिल्लू पुन्हा पाहता येत नाही.

संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची परवानगी आधी घ्या. पिल्लं २८.५ अंश सेल्सिअसला वाढवा, एका पेट्री डिशमध्ये ५०-६० च ठेवा आणि मेलेली अंडी रोज काढा. घाण पाण्यात शेपटीच्या पराला आधीच दाह होतो. म्हणून कापण्यापूर्वी प्रत्येक पिल्लाचा पर पाहा, तिथे चार-पाच न्यूट्रोफिल आधीच बसलेले असतील तर ते पिल्लू बाजूला ठेवा.

भुलीसाठी लिटरला १६० मिलिग्रॅम ट्रायकेन पुरतं. ट्रायकेन आम्लधर्मी असतं, त्यामुळे बफर घालून पीएच ७ वर आणायला विसरू नका. शेपटीला स्पर्श केल्यावर पिल्लू हललं नाही, पण हृदय नीट धडधडत असलं, की ते तयार आहे.

आता कापणं. सगळ्या प्रयोगाची मदार या एका कृतीवर आहे. अ‍ॅगारोजचा (जेलीसारख्या पदार्थाचा) थर दिलेल्या डिशवर पिल्लू आडवं ठेवा. नवीन स्कॅल्पेल पातं पराला काटकोनात टेकवा आणि सरळ खाली दाबा, करवतीसारखं ओढू नका. नोटोकॉर्डचं (पाठीतल्या लवचीक दांड्याचं) टोक संपतं त्याच्या किंचित पुढे, फक्त पातळ पर कापला जायला हवा. नोटोकॉर्डला धक्का लागला तर जखम मोठी होते आणि न्यूट्रोफिल कितीतरी जास्त येतात. शेपटीत वळसा घेणारी रक्तवाहिनी कापली गेली तर त्याहून वाईट: तांबड्या पेशींबरोबर न्यूट्रोफिलही वाहत बाहेर पडतात. ते स्वतः चालत आलेले नाहीत, त्यांना मोजू नका. असं पिल्लू काढूनच टाका. पंधरा-वीस पिल्लांनंतर पातं बदला, कारण बोथट पात्याने कड फाटते.

वेळेचं भान ठेवा. ६० पिल्लं कापायला अर्धा तास लागला, तर शेवटचं पिल्लू कापेपर्यंत पहिल्याच्या जखमेत हायड्रोजन पेरॉक्साइडचा उतार (कडेला सर्वाधिक, आत कमी होत जाणारं प्रमाण) वाढून ओसरायलाही लागलेला असतो. हार्वर्डमध्ये २००९ साली हाच उतार जिवंत पिल्लात दाखवला गेला. तो सुमारे २० मिनिटांत शिखर गाठतो, पहिले न्यूट्रोफिल पोचण्याच्याही आधी. तेव्हा दहा-दहाच्या तुकड्या करा आणि प्रत्येक तुकडीची वेळ वेगळी लिहा. कापल्यावर पिल्लं लगेच ताज्या पाण्यात सोडा.

मोजणी १, ६ आणि २४ तासांनी करा. कडेपासून २०० मायक्रॉनचा पट्टा ठरवा आणि तो शेवटपर्यंत बदलू नका. संख्या साधारण ४ ते ६ तासांत सर्वाधिक होते, २४ तासांपर्यंत बरीच ओसरते. मॅक्रोफेज (कचरा गिळणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या पेशी) उशिरा येतात आणि जास्त रेंगाळतात. कुठला गट कुठला हे मोजणाऱ्याला कळू देऊ नका. दर गटात किमान २० पिल्लं हवीत, आणि न कापलेल्यांचा गट तर हवाच.

चलत्चित्र घ्यायचं असेल तर १ टक्का लो-मेल्टिंग अ‍ॅगारोज ३७-३८ अंशांपर्यंत निवू द्या, मग पिल्लू त्यात बसवा. गोठल्यावर शेपटीभोवतीचा भाग सुईने मोकळा करा, नाहीतर पाण्यात घातलेलं तपासायचं औषध जखमेपर्यंत पोचत नाही. वरच्या पाण्यातही ट्रायकेन असू द्या. दर २ मिनिटांनी एक चित्र पुरे. त्यात एकेक पेशी नीट दिसते: पुढची बाजू रुंद पसरलेली, मागे बारीक शेपूट ओढलेलं, मध्येच थबकून कडेच्या दिशेने वळणारी. काही पेशी जखमेला भिडून उलट पावली परततात. त्यांना हिशेबातून गाळू नका, दाह शमण्याचा तोही एक मार्ग आहे.

औषध तपासताना तुलनेच्या गटात तितकंच डीएमएसओ (औषध ज्यात विरघळवतात तो द्रव) घाला. जखमेजवळ न्यूट्रोफिल कमी दिसले तर लगेच ‘स्थलांतर थांबलं’ असं लिहू नका. आधी न कापलेल्या, पण तेच औषध दिलेल्या पिल्लांच्या अख्ख्या शरीरातले न्यूट्रोफिल मोजा. तिथेच ते घटले असतील तर औषधाने पेशींची वाट अडवलेली नाही, पेशीच कमी केल्या आहेत.